हलवायाच्या घरावर तुळशीपत्र : पुणे महापालिकेच्या सभासदांना खुले पत्र

प्रति,
सर्व सन्माननीय सभासद,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर.

विषय : आमच्या पैशाने होणारी खरेदी.
संदर्भ : आमच्या रस्त्यावरची चार बाकडी.

सप्रेम नमस्कार.

मी नऱ्ह्यात भाड्याच्या गाळ्यात फॅब्रिकेशनचे काम करतो. ग्रिल, जाळ्या, जिन्याचे कठडे, पत्र्याच्या शेड, सोसायट्यांची गेटं. मला धरून पाच माणसे आहोत. एकवीस वर्षे झाली. कुठल्या पक्षात नाही, व्यापारी संघटनेच्या वर्गणीपलीकडे कुठल्या चळवळीत नाही. खुले पत्र पहिल्यांदाच लिहितो आहे, तेव्हा कमीजास्त झाले तर सांभाळून घ्या.

आपण १६५ जण जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलात. त्याआधी, मार्च २०२२ पासून पावणेचार वर्षांहून थोडे जास्त, या शहराला सभागृहच नव्हते. अंदाजपत्रक प्रशासनानेच करायचे, प्रशासकानेच मांडायचे आणि प्रशासकानेच मंजूर करायचे. २०२३-२४ चे अंदाजपत्रक ९,५१५ कोटींचे होते, २०२५-२६ चे १२,६१८ कोटींचे झाले. दोन वर्षांत जवळजवळ एक तृतीयांशाने वाढ, आणि त्यावर एकाही निवडून आलेल्या माणसाने उभे राहून प्रश्न विचारला नाही, कारण तसा माणूसच नव्हता. तुम्ही आलात याचा आनंद आहे. तो टिकावा, एवढ्यासाठी हे पत्र.

निमित्त छोटे आहे. गेल्या महिन्यात आमच्या घराजवळच्या रस्त्यावर एका सकाळी चार नवी स्टीलची बाकडी दिसली. त्याच जागी आधी चार बाकडी होती. ती मोडलेली नव्हती. एकाचा पाय जरा हलत होता, दोन वेल्डचे काम. ती टेम्पोत भरून नेली आणि नवी आणून ठेवली. नव्यांवर नाव रंगवले आहे. कुणाचे ते लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका नावाचा नाही. मी चालता चालता पाइपला टिचकी मारली. आमच्या धंद्यात पाइपची जाडी टिचकीवर कळते. जाड पाइप ठस्स वाजतो, पातळ पाइप पातेल्यासारखा. हा पातेल्यासारखा वाजला.

आता जे लिहितो ते लिहायचे की नाही यावर दोन रात्री घालवल्या. अशी बाकडी मी स्वतः केलेली आहेत.

तीन वर्षांपूर्वी एक ठेकेदार गाळ्यावर आला. शंभर बाकडी, तीन आठवड्यांत हवीत. काम एका सार्वजनिक कार्यालयाचे होते. कुठल्या ते इथे सांगत नाही, ठेकेदाराचे नावही नाही. त्याने माप दिले : पाच फूट लांबी, दीड इंची चौकोनी पाइप, १८ गेज, ग्रेड २०२. एका बाकड्याचे ६,४०० रुपये. माल माझा, मजुरी माझी, बफिंग म्हणजे घासून चकाकी आणणे माझे, जागेवर पोचवायचा टेम्पोही माझा. मला त्यात फार सुटले नाही, पण पावसाळ्याचे दिवस होते, पोरांच्या हाताला काम नव्हते. केली. काम संपल्यावर बऱ्याच दिवसांनी त्या निविदेचा कागद माझ्या हाती आला. त्यात लिहिले होते : १६ गेज, ग्रेड ३०४. दर एका बाकड्याला १६,७५०.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. १६ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर जाडी, १८ गेज म्हणजे १.२. डोळ्यांना फरक दिसत नाही. ३०४ मध्ये निकेल जास्त असते म्हणून ते पावसात टिकते. २०२ स्वस्त असते आणि दोन पावसाळ्यांत वेल्डच्या जागी तांबूस डाग धरते. लोहचुंबक लावून दोघांतला फरक कळत नाही. बाजारात एक केमिकल मिळते, थेंब टाकून बॅटरी लावली की २०२ लाल पडते. छोटीशी बाटली असते, कुठल्याही स्टीलवाल्याच्या ड्रॉवरमध्ये सापडेल. तपासणीला आलेल्या कुणाच्याही हातात मी ती पाहिली नाही.

कागदात लिहिलेले बाकडे, म्हणजे ३०४ मध्ये आणि १६ गेजमध्ये, मी माझा नफा धरून साडेदहा हजारांत दिले असते. मग मी थेट निविदा का भरली नाही? भरताच आली नसती. एक तर त्या निविदेत नुसती बाकडी नव्हती. बाकडी, पेव्हिंग ब्लॉक, सिमेंटच्या कुंड्या आणि शोभेचे दिवे, सगळे एकत्र बांधून एकच काम केलेले. बाकडी करणाऱ्याला बाकड्यांची निविदा भरायची तर त्याने दिवेही लावले पाहिजेत. शिवाय तीन वर्षांची सरासरी उलाढाल कोटींत, तशाच स्वरूपाचे सरकारी काम आधी केल्याचा दाखला, बँकेचे सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट, म्हणजे ऐपतीचा दाखला. आधी केल्याचा दाखला ज्याने आधी केले त्यालाच मिळणार. पहिले काम कुणी कधी केले असेल कोण जाणे.

हे कळल्यावर मी तक्रार केली का? नाही. माझे निम्मे बिल त्या ठेकेदाराकडे अडकलेले होते. ते सात महिन्यांनी आले. जीएसटी मात्र मी बिल फाडल्याच्या पुढच्या महिन्याच्या २० तारखेला खिशातून भरला होता. १८ टक्के, मला न मिळालेल्या पैशांवर. ठेकेदाराला विचारले तर म्हणाला, वरून आले नाहीत. वरून म्हणजे सरकारकडून. इथे एक गंमत सांगतो. छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे. अलीकडे प्राप्तिकरातही तरतूद आली की खासगी कंपनीने वेळेत पैसे दिले नाहीत, तर देईपर्यंत त्या खर्चाची वजावट तिला मिळणार नाही. तेव्हापासून माझी खासगी गिऱ्हाइके मार्च आला की फोन करून बिल मागतात. पण सरकारी कार्यालय प्राप्तिकर भरतच नाही, त्यामुळे हा चाप त्याला बसत नाही.

मी कुणाला चोर म्हणत नाही. माझी अडचण उलटी आहे. त्या कामाचे सगळे कागद बरोबर असणार. पूर्वगणनपत्रकातला, म्हणजे कामाआधीच्या खर्चाच्या अंदाजातला, दर ठरलेल्या दरपत्रकाप्रमाणे, सह्या जागच्या जागी, मोजमाप पुस्तकात शंभर बाकडी मोजून भरलेली. फक्त पाइप पातळ. कारण पाइप जाड असला काय नि पातळ असला काय, त्या सगळ्या साखळीत कुणाच्याच खिशाला फरक पडत नव्हता. माझ्या गाळ्यावर एखादी ताई गेट करायला येते तेव्हा ती जाडी मोजायचा व्हर्निअर मागत नाही, पण चार दुकाने फिरून आलेली असते. शेवटचा वीस टक्के हप्ता ती गेट उघडझाप करून बघितल्याशिवाय सोडत नाही, आणि बिजागरी करकरली तर पूर्ण सोसायटीला माझे नाव सांगते. पैसा तिचा, गेट तिचे. आपल्याकडे पैसा एकाचा, बाकडे दुसऱ्याचे आणि सही तिसऱ्याची. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कुणाचे काय जाते?

कुणी म्हणेल, ठेकेदारी आणली, खासगीकरण केले, की हे असेच व्हायचे. माझ्या मुलीचेही तेच मत आहे, ती कॉलेजात शिकते आणि घरी आमची यावर भांडणे होतात. मी तिला सांगतो, याला बाजार म्हणू नको. बाजारात मला गिऱ्हाईक खूश करावे लागते. इथे गिऱ्हाईक कोण हेच ठरलेले नाही, खूश करायचा तो अट लिहिणारा. अशा ठिकाणी जो माल चांगला करतो तो टिकत नाही, ज्याची ओळख चांगली तो टिकतो. माझे वडील खेड तालुक्यातले कांदा पिकवणारे. १९८० मध्ये शरद जोशींच्या चाकणच्या कांदा आंदोलनात ते रस्त्यावर बसले होते. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ हे आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकले. मलाही अनुदान नको, स्वस्त कर्ज नको, उद्योजकांचा मेळावा आणि त्यातली शाल नको. आडवे येऊ नका, एवढेच.

आणि ओळखीचा बाजार ही माझ्या मनातली शंका नाही. २०१८ च्या मे महिन्यात भारतीय स्पर्धा आयोगाने याच पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांमध्ये संगनमत केल्याबद्दल कंपन्यांना दंड ठोठावला. एकाने खरी बोली लावायची, बाकीच्यांनी निविदेला स्पर्धा दिसावी म्हणून नावापुरत्या बोली भरायच्या. आमच्या भाषेत याला रिंग म्हणतात. हे प्रकरण बाहेर काढले कुणी? पालिकेच्या कुठल्या खात्याने नव्हे, पुण्यातल्या एका नागरिकांच्या मंचाने तक्रार केली म्हणून. कागदावर तीन बोली आल्या म्हणजे स्पर्धा झाली, असे समजून फाइल पुढे जाते. सभासदांनी स्थायी समितीत बसून एवढे जरी विचारले की हे तिघे एकमेकांना ओळखतात का, तरी पुष्कळ पैसे वाचतील.

आता आपल्या स्वतःच्या अधिकाराविषयी. सभासदाच्या मर्जीने प्रभागात खर्च करायचा जो निधी, ज्याला पालिकेत ‘स’ यादी म्हणतात, त्यातून आजवर काय काय घेतले गेले ते पुणेकरांना पाठ आहे. बाकडी, कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बादल्या, गल्लीच्या तोंडाशी नामफलक. आमच्या घरात अशा दोन पिशव्या आहेत, दोन वेगवेगळ्या पक्षांच्या, दोन्हींत कांदे बटाटे सुखाने नांदतात. पिशवी मला नको होती असे नाही. पण माझ्याच घरपट्टीतून पिशवी घ्यायची, त्यावर तुमचा फोटो छापायचा आणि ती मला भेट म्हणून द्यायची, या व्यवहारात भेट कुठे आहे? आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. उद्या मी गिऱ्हाइकाच्या पैशाने केलेल्या गेटवर माझा फोटो लावला तर तो मला उभा करेल का?

घरपट्टीचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी.

राहत्या घराला करपात्र रकमेत ४० टक्के सवलत १९७० पासून मिळत होती. ती २०१९ मध्ये काढली, मग ओरड झाली, आणि २०२३ मध्ये परत आली. पण परत येताना एक अर्ज घेऊन आली, पीटी-३. ज्यांना सवलत मिळत नव्हती त्यांनी अर्ज भरायचा, सोबत आपण स्वतःच त्या घरात राहतो याचा पुरावा जोडायचा, वेळेत द्यायचा. माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत. त्यांना घेऊन मी स्वतः रांगेत उभा राहिलो, गाळा अर्धा दिवस बंद ठेवून. सवलत काढताना कुणी आमच्याकडून अर्ज भरून घेतला नव्हता. घेताना आपोआप आणि देताना अर्जावर, असे का?

दुसरी गोष्ट अभय योजना. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती म्हणजे दंड लागतो, हे ऐकून माझ्यासारखा माणूस घाबरून मुदतीच्या आत भरतो आणि पाच-दहा टक्के सवलत मिळाली की खूश होतो. जो भरत नाही, त्याच्यासाठी काही वर्षांनी अभय योजना येते आणि शास्तीचा जवळपास तीन चतुर्थांश भाग माफ होतो. २०२० मध्ये आली होती, २०२५ च्या नोव्हेंबरात पुन्हा आली. आमच्या ओळीतला एक गाळेवाला हसत हसत म्हणाला, तुम्ही दरवर्षी भरता, मी पाच वर्षांनी भरतो, पैसे मधल्या काळात धंद्यात फिरतात. त्याला काय उत्तर देऊ? पालिकेनेच त्याला शहाणा ठरवले.

कर मोडीत काढता येतो हेही आम्ही पाहिले आहे, म्हणून आशा सुटत नाही. मी शिकाऊ असताना नाना पेठेतल्या एका स्टीलवाल्याकडे होतो. कळंबोलीहून माल घेऊन निघालेला ट्रक जकात नाक्यावर रात्र रात्र उभा असायचा. पावती करायला मालकाचा माणूस पहाटे स्कूटरवर जायचा, आणि पावतीशिवायचे काही लागते ते वेगळे न्यायचा. एप्रिल २०१३ मध्ये जकात गेली, तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आली, व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. २०१५ च्या ऑगस्टपासून आमच्यासारख्यांची एलबीटीही गेली. तेव्हाही सांगत होते की पालिका बुडेल. पालिका बुडाली नाही, अंदाजपत्रक फुगले. व्यवसाय कराचे मात्र उलट. रोजगार हमीला पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये आलेला हा कर अजून चालू आहे आणि आम्ही वर्षाला अडीच हजार भरतो. तो राज्याचा विषय आहे, आपला नाही, म्हणून सोडून देतो.

नऱ्हे ३० जून २०२१ ला इतर २२ गावांबरोबर पालिकेत आले. त्याआधी २०१७ मध्ये ११ गावे आली होती. गावे आली म्हणजे नकाशा मोठा झाला. पाण्याचे काय? माझ्या गाळ्यावर आजही टँकर येतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या नांदेड, किरकटवाडी पट्ट्यात जीबीएस या नसांच्या आजाराची साथ आली, पुणे परिसरात दोनशेहून अधिक संशयित रुग्ण निघाले, आणि बोट पाण्याकडे दाखवले गेले. माझ्याकडे बफिंग करणारा पोरगा किरकटवाडीचा. महिनाभर घरून उकळलेले पाणी बाटलीत आणायचा आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. जून २०१७ मध्ये पालिकेने चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी शेअर बाजारात २०० कोटींचे कर्जरोखे आणले, ७.५९ टक्के व्याजाने, दहा वर्षांच्या मुदतीचे. केवढा गाजावाजा झाला होता. मुदत २०२७ मध्ये संपते, म्हणजे पैसे फेडायची वेळ तुमच्या कारकिर्दीत येणार आहे. आमच्याकडे पाणी चोवीस तास येणार तर नाहीच, ते स्वच्छ आणि दिवसाआड आले तरी आम्ही पेढे वाटू.

मोठ्या कामांविषयी फार लिहीत नाही, ती सगळ्यांनी पाहिली आहेत. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज ते हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली, देशात पहिली म्हणून मिरवली, आणि नंतर नगर रस्त्यावरची बीआरटी आपणच उखडली. विद्यापीठ चौकातला पूल २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाडला, मेट्रोला आडवा येतो म्हणून. बांधून पंधरा वर्षेही झाली नव्हती. मेट्रो वाईट आहे असे मी म्हणत नाही, मी स्वतः बसतो. पण खासगी माणसाने पंधरा वर्षांत पाडावी लागेल अशी इमारत बांधली तर बँक त्याच्या दारात उभी राहते. इथे दोन्ही वेळा नारळ फुटला, बांधतानाही आणि पाडून नवा बांधतानाही.

नुसती रड नको म्हणून एक चांगलेही सांगतो. माझ्या घरचा कचरा न्यायला जी मावशी येते ती ‘स्वच्छ’ची. कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था, २००८ मध्ये पालिकेशी करार झाला. ती तिचे महिन्याचे पैसे आमच्याकडून थेट घेते. न आली तर कुणाला विचारायचे ते मला माहीत आहे, आणि मी पैसे दिले नाहीत तर कुणाला टोकायचे ते तिला माहीत आहे. सुका कचरा विकून मिळणारे पैसे तिचे, म्हणून ती तो नीट वेगळा करते, मला ओरडून वेगळा करायला लावते. मधे टक्केवारीला जागाच नाही. माझ्या मुलीला मी म्हणतो, हा बघ बाजार. ती म्हणते, ही सहकारी संस्था आहे बाबा. असू दे. आणि अशा व्यवस्थेच्या डोक्यावर दर थोड्या वर्षांनी मोठ्या ठेकेदाराची टांगती तलवार का असते, हे मात्र मला अजून कुणी समजावून सांगितलेले नाही.

आपण ज्या सभागृहात बसता त्याच्या पूर्वजांत जोतीराव फुले आहेत. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचा ठराव आला तेव्हा विरोध करणारे ते एकटेच होते, असे त्यांची चरित्रे सांगतात. मोठी मंडई बांधायचे ठरले तेव्हाही त्यांचे म्हणणे होते की हा पैसा शिक्षणावर घाला. ते स्वतः बांधकामाची ठेकेदारी करत, कात्रजच्या बोगद्याच्या कामाशी त्यांचे नाव जोडले जाते. पैसा कुठे झिरपतो हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मंडई झालीच, १८८६ मध्ये, गव्हर्नर रे यांच्या नावाने, आणि पुढे तिला नाव दिले महात्मा फुले यांचे. मंडई झाली ते बरेच झाले, आमची आजी तिथेच भाजी घ्यायची. पण त्या खर्चाला ज्याने विरोध केला त्याचेच नाव आपण तिच्यावर लावले, आणि त्याची ती एकट्याने विरोध करायची सवय मात्र सभागृहाबाहेर ठेवली. आपल्यापैकी एक जण तरी ती परत आत आणेल का?

मागण्या लिहितो. फार नाहीत.

‘स’ यादीतून वस्तू वाटणे आणि वस्तूंवर नावे, फोटो टाकणे ठराव करून बंद करा. प्रभागात काय हवे ते ठरवायचा हक्क तुमचा आहे, आम्ही तुम्हाला त्यासाठीच निवडले. पण रंग आमच्या पैशाचा आहे, त्याने स्वतःचे नाव लिहू नका.

वेगवेगळी छोटी कामे एकत्र बांधून मोठी निविदा काढणे थांबवा. बाकड्यांची निविदा बाकड्यांची असू द्या. उलाढालीची अट कामाच्या रकमेच्या प्रमाणात ठेवा, म्हणजे नऱ्हे, धायरी, पर्वती, भवानी पेठेतली शेकडो वर्कशॉप त्यात उतरू शकतील. आम्ही एकमेकांचा दर कसा पाडतो ते तुम्हाला अजून माहीत नाही.

प्रत्येक कामाचे पूर्वगणनपत्रक, आलेल्या सर्व बोली, कामाचा आदेश आणि मोजमाप पुस्तकाची पाने बिल निघण्याआधी पालिकेच्या संकेतस्थळावर मराठीत टाका. पंधरा दिवस कुणालाही जागेवर जाऊन मोजू द्या. मी फुकट मोजून देईन, व्हर्निअर आणि ती बाटली घेऊन.

बिलांवर तारीख टाका आणि ४५ दिवसांत पैसे द्या. उशीर झाला तर व्याज द्या, जसे आम्ही तुम्हाला महिना दोन टक्क्यांनी देतो.

पीटी-३ रद्द करा. घर राहते आहे की भाड्याने दिले आहे हे शोधायचे काम पालिकेचे आहे. आणि पुढची अभय योजना आणायचीच असेल, तर ज्यांनी सलग पाच वर्षे वेळेवर कर भरला त्यांना तेवढीच सवलत त्याच ठरावात द्या. परवडत नाही असे अधिकारी म्हणाले, तर थकबाकीदारांनाही परवडत नाही असे समजा.

आलेल्या ३४ गावांपैकी उरुळी देवाची आणि फुरसुंगी परत बाहेर गेली, उरलेल्या गावांत पिण्याचे पाणी पोचेपर्यंत चौक सुशोभीकरणाचे एकही नवे काम काढू नका. आमच्या चौकात कारंजे नसले तरी चालेल.

हे पत्र छापून आले तर तो ठेकेदार मला पुन्हा काम देणार नाही. दिले तरी मी १८ गेजमध्ये करणार नाही, हे त्याला इथूनच कळवतो. त्या शंभर बाकड्यांत माझाही वाटा आहे, तो मी नाकारत नाही. कुणी चौकशी केली तर मापाची वही माझ्याकडे आहे. त्यात तारीखवार सगळे लिहिलेले आहे.

कळावे,

आपला,
एक फॅब्रिकेटर आणि करदाता,
नऱ्हे, पुणे.

ता. क. : आमच्या रस्त्यावरची बाकडी पाहायला यायचे असेल तर सकाळी नऊच्या आत या. वर सावली नाही. त्यानंतर स्टील इतके तापते की बसवत नाही, आणि संध्याकाळी तिथे कुत्री असतात.